आकाशाच्या गतीशी गती जुळवताना : जेऊर ते औंढा नागनाथ

२२ जानेवारी १८९८. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर. रेल्वेमार्गाजवळच्या माळावर लाकडी सांगाडे, तंबू, काचेच्या पट्ट्यांच्या पेट्या आणि दोन स्वतंत्र शास्त्रीय मोहिमा. एक अमेरिकेच्या लिक वेधशाळेची, प्रमुख विल्यम वॉलेस कॅम्पबेल. दुसरी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सची, प्रमुख प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. दुपारी खग्रास सूर्यग्रहण होणार होते आणि खग्रास अवस्था टिकणार होती अवघी सुमारे दोन मिनिटे.

धागा मोठा आहे. विषय वरकरणी यंत्रशास्त्राचा वाटेल. पण तो जेऊरच्या माळावरून निघून जुन्या परभणी जिल्ह्यात येऊन थांबतो, म्हणून सवडीने वाचावा.

त्या दोन मिनिटांतील अडचण आधी समजून घेऊ. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. सूर्यबिंबाची रुंदी अर्धा अंश. म्हणजे दोन मिनिटांत सूर्य बरोबर आपल्या स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला फार जाणवते. सूर्यप्रभेचा, म्हणजे करोनाचा, अंधूक प्रकाश टिपायला छायापट्टी कित्येक सेकंद उघडी ठेवावी लागे आणि तेवढ्यात चित्र फरफटत जाई.

लिकच्या तुकडीकडे चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. चाळीस फुटांची नळी आकाशाबरोबर फिरवायची कशी? त्यांनी ती फिरवलीच नाही. भिंग उंचावर पक्के बसवले, नळी स्थिर ठेवली आणि खालच्या टोकाची छायापट्टी घड्याळी यंत्रणेने रुळांवरून सरकवली. हिशोब करून पाहा : चाळीस फुटांवर सूर्याची प्रतिमा सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाची पडते, आणि ती सेकंदाला पाऊण ते एक मिलिमीटर या वेगाने सरकते. पट्टीनेही नेमक्या त्याच वेगाने, त्याच दिशेने, न अडखळता सरकायचे. पट्टी जरा मागे राहिली की करोनाचे तंतू पुसट झाले. पुन्हा संधी नाही. चंद्र थांबत नसतो.

(जाता जाता : त्याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आले होते. किल्ल्यावरचा ‘साहेबाचा ओटा’ तो हाच. ‘लॉकियरने १८६८ मध्ये विजयदुर्गावर हेलियमचा शोध लावला’ ही दर वर्षी फिरणारी माहिती चुकीची आहे. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा प्रसिद्ध वेध जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूर येथून घेतला. ओटा खरा आहे, साल ३० वर्षांनी चुकते.)

आता घड्याळी यंत्रणा म्हणजे काय ते पाहू. १८२४ मध्ये फ्राउनहोफरने दोर्पात येथील मोठ्या दुर्बिणीला खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारी यंत्रणा जोडली. दुर्बीण पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा दांड्यावर बसवायची आणि तो दांडा पृथ्वीच्या उलट दिशेने, तिच्याच वेगाने फिरवायचा. कल्पना सुबक आहे. पण उतरणारे वजन आपला वेग वाढवत जाते. त्याला आवरायला गव्हर्नर लागतो. शेतातल्या जुन्या ऑईल इंजिनावर फिरणारे दोन गोळे ज्यांनी पाहिले असतील त्यांना तो सांगावा लागणार नाही. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि रोध वाढवतात. वेग मंदावला की आत येतात.

आणि त्याच इंजिनाचा एक दोषही त्यांना ठाऊक असेल. गव्हर्नर नीट बसला नसेल तर इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. सुधारणा उशिरा होते आणि गरजेपेक्षा जास्त होते, म्हणून उलट दिशेची चूक जन्मते. या रोगाचे पहिले गणिती निदान कोणत्या कारखान्यात झाले असे वाटते? कारखान्यात नाही, वेधशाळेत. १८४० मध्ये ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी दुर्बिणीच्या घड्याळी यंत्रणेचा नियामक कसा बेभान होतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मॅक्सवेलचा गव्हर्नरांवरचा गाजलेला निबंध त्यानंतर २८ वर्षांनी, १८६८ मध्ये आला. नियंत्रणशास्त्राचा इतिहास वाफेच्या इंजिनापासून सांगण्याची रीत आहे. माझ्या मते त्यातला अर्धा वाटा आकाशाकडे पाहणाऱ्यांचा आहे आणि तो त्यांना मिळत नाही.

पुण्याकडे वळू. नायगमवालांच्या वेधशाळेला भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींचे नाव होते, कारण देणगी त्यांची. डब्लिनच्या ग्रब कारखान्यातील परावर्तक दुर्बीण १८८८ च्या सुमारास पुण्यात उभी राहिली. पुढे तिला २० इंची आरसा बसला. ज्या हॉवर्ड ग्रबचा हा कारखाना, तो त्याच काळात एका वेगळ्या सुधारणेच्या मागे होता. आकाशाच्या छायाचित्रणासाठी तो असा चालक बनवू लागला, ज्याचा वेग एक लंबकाचे घड्याळ विजेच्या साहाय्याने तपासत राही. चालक पुढे गेला तर मागे ओढायचा, मागे पडला तर पुढे ढकलायचा.

हा बदल लहान दिसतो, पण या धाग्याचा कणा तोच आहे. फ्राउनहोफरचे यंत्र ‘मी ठरल्या वेगाने चालतो आहे’ या विश्वासावर चाले. ग्रबचे यंत्र दर क्षणी दुसऱ्या कोणाला तरी विचारते की मी कुठे आहे आणि कुठे असायला हवे होते. दोन उत्तरांतला फरक हेच त्याचे इंधन. याला आज आपण फीडबॅक म्हणतो. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत यंत्रे प्रचंड झाली, पण खरी मोजणी करायची तर ती या विचारण्याची करावी : किती वेळा विचारले, किती बारीक विचारले, आणि कोणाकोणाला एकदम विचारले.

‘कोणाकोणाला एकदम’ हा प्रश्न आपल्याकडे १९६० च्या दशकात आला, कारण तेव्हा एका दुर्बिणीच्या जागी अनेक आल्या. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे सूर्याच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या सहा फुटी तबकड्यांची रांग होती. तेथे काम केलेल्या तरुण गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांनी त्यांतील ३२ तबकड्या भारताला मिळाल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने त्या १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला उभ्या केल्या. २४ पूर्व-पश्चिम, ८ उत्तर-दक्षिण. भारतातील रेडिओ खगोलशास्त्राचा पहिला मोठा प्रयोग कल्याणमध्ये झाला, हे आज कल्याणकरांनाही फारसे ठाऊक नसते.

पाच वर्षांनी, १९७० मध्ये, उटी. येथे स्वरूपांनी केलेली युक्ती इतकी देखणी आहे की थोडे थांबूनच सांगावी लागेल. दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, एखाद्या उघड्या पन्हाळीसारखी. एवढी पन्हाळ पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवायची तर एक टोक केवढे तरी उंच उचलावे लागेल. स्वरूपांनी ते उचलण्याऐवजी तसा डोंगरच शोधला. उटीचे अक्षांश सुमारे ११ अंश. म्हणून उत्तर-दक्षिण उतार ११ अंशांचा असलेली टेकडी निवडली. पन्हाळ उतारावर आडवी ठेवली की ती आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर होते. मग ती एकाच दिशेने, एकाच संथ वेगाने वळवत गेले की झाले. एखादा तारा सलग साडेनऊ तास नजरेत राहतो.

मात्र ही पन्हाळ अखंड नाही. २४ पोलादी चौकटी आणि त्यांवर ताणलेल्या ११०० बारीक पोलादी तारा अशी तिची रचना आहे. सर्व चौकटी एकाच वेळी, एकाच कोनात वळल्या पाहिजेत. एखादी मागे रेंगाळली तर तारांच्या पृष्ठभागाला पीळ पडेल. जेऊरला एक छायापट्टी सूर्याशी जुळवायची होती. उटीला २४ चौकटी आधी एकमेकींशी आणि मग आकाशाशी जुळवायच्या होत्या. वारीतल्या दिंडीत हजार माणसे चालतात. टाळ मात्र एकाच ठेक्यावर पडतो. तसेच काहीसे.

नंतर खोडद. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ पसरलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. नाशिक महामार्गाने जाताना तिच्या तबकड्या दिसतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या : १४ मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात आणि १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन बाहूंवर. दूरच्या दोन तबकड्यांत अंतर २५ किलोमीटरपर्यंत.

येथे उटीची युक्ती चालणार नव्हती. तीस तबकड्यांसाठी तीस टेकड्या कुठून आणणार? त्यामुळे प्रत्येक तबकडी तोफेसारखी बसवली : एक हालचाल क्षितिजाला समांतर, दुसरी वर-खाली. बांधकाम स्वस्त आणि मजबूत झाले, पण नियंत्रण अवघड झाले. आकाश एका अक्षाभोवती समान वेगाने फिरते. आपण त्याचा पाठलाग दोन अक्षांनी करणार. तेव्हा दोन्ही वेग क्षणाक्षणाला बदलतात. तारा डोक्यावरून जाऊ लागला की आडवी हालचाल एकदम फार वेगाने करावी लागते. फ्राउनहोफरचे वजन येथे निरुपयोगी आहे. येथे संगणक सतत कोन काढतो, दांड्यावरचा कोनमापक खरी स्थिती सांगतो आणि सर्वो यंत्रणा दोहोंतला फरक मिटवत राहते.

एक बारकावा मला फार आवडतो. कोणत्याही गिअरला थोडा प्ले असतो. दाते एकमेकांत अगदी घट्ट बसत नाहीत. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला तो हाताला कळतो. ४५ मीटरच्या तबकडीवर वारा आदळला की तेवढ्या ढिलाईत ती डुलेल आणि नेम चुकेल. म्हणून खोडदला प्रत्येक अक्षावर दोन मोटारी आहेत आणि त्या एकमेकींविरुद्ध थोडा ताण देत राहतात. रस्सीखेचेत दोन्ही बाजूंनी ताणलेला दोर जसा ढिला पडत नाही, तसे दाते कायम एका बाजूला टेकलेले राहतात. शक्तीचा काही भाग मुद्दाम एकमेकांना रोखण्यात खर्च होतो आणि त्यातूनच अचूकता येते. वाऱ्याचा जोर मुळातच कमी लागावा म्हणून तबकडीही भरीव पत्र्याची नाही. ताणलेल्या दोरांवर बसवलेली तारेची जाळी आहे.

एवढे करून तबकड्या एकाच दिशेला पाहू लागल्या, तरी काम संपत नाही. २५ किलोमीटर पार करायला प्रकाशाला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. एकच लहर एका तबकडीवर आधी आणि दुसरीवर नंतर पोहोचते. खोडदच्या नियंत्रण कक्षात प्रत्येक संकेताला मोजून उशीर लावला जातो आणि आकाश सरकेल तसा तो उशीरही सरकतो. तीस यंत्रे एकच दुर्बीण होतात ती येथे. २००२ पासून ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांना खुली आहे.

आता आमच्याकडे येऊ. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली वेगळा झाला. त्याआधी औंढा नागनाथ परभणीत होते. यादवकालीन मंदिरामुळे हे नाव सर्वांना परिचित आहे. त्याच परिसरात, दुधाळा गावाजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे ठरले आहे. परभणीत वाढलेल्या माझ्या पिढीने हे नाव कधी नोकरीच्या आशेने, कधी जमिनीच्या चर्चेत आणि कधी निव्वळ अफवा म्हणून ऐकले आहे. यंत्र काय करते ते मात्र क्वचितच कोणी सांगते.

लायगो आकाशाचा पाठलाग करत नाही. ते वळत नाही, फिरत नाही. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर, आत निर्वात नळी आणि टोकांना टांगलेले आरसे. गुरुत्वीय लहर गेली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी आखडते. ‘किंचित’ म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांश भागाहूनही कमी. एवढा फरक लेसरने मोजायचा, तर आरसे स्थिर हवेत.

पण जमीन स्थिर नसते. समुद्राच्या लाटांमुळे खंडाच्या पोटापर्यंत जमीन सूक्ष्म हेलकावे घेत असते. चंद्रसूर्याच्या ओढीने भरती केवळ पाण्याला येते असे नाही, खडकालाही येते आणि ४ किलोमीटरची भुजा दशांश मिलिमीटरच्या घरात लांब-आखूड होते. मग उपाय दोन पदरी. ४० किलोचा काचेचा आरसा चार टप्प्यांच्या लंबकाला, काचेच्याच केसासारख्या बारीक तंतूंवर टांगतात. शिवाय ज्या फलाटावर हे सारे उभे असते तो फलाट जमिनीची हालचाल मोजून उलट दिशेने स्वतःला हलवत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला ‘स्थिर’ दिसणारी गोष्ट प्रत्यक्षात अखंड प्रतिहालचाल असते.

त्यातही आरसे आपापले स्थिर असून भागत नाही. त्यांच्यात प्रकाशलहरी अचूक बसतील असे परस्पर अंतर राखावे लागते. अंतर चुकू लागले की परतणाऱ्या प्रकाशात तशी खूण उमटते आणि त्या खुणेवरून आरशांना हलकेच रेटा दिला जातो. सर्व आरसे असे जुळून राहिले की यंत्र ‘लॉक’मध्ये आहे असे म्हणतात. ग्रबचा लंबक सेकंदाला एकदा विचारी. हे यंत्र सेकंदाला हजारो वेळा विचारते. आणि गंमत अशी की आरसे जागचे हलू दिले जात नसल्यामुळे गुरुत्वीय लहरीचा पुरावा आरशाच्या हालचालीत न सापडता, आरसा जागी ठेवायला किती रेटा लागला यावरून काढावा लागतो.

मोठा भूकंप जगात कुठेही झाला तरी लॉक सुटतो. म्हणूनच जागा शोधताना समुद्र, रेल्वे, महामार्ग, कारखाने यांपासूनचे अंतर पाहिले जाते आणि जमिनीची कंपने मोजली जातात. मराठवाडा त्या मानाने शांत. अर्थात किल्लारी (३० सप्टेंबर १९९३) आपण विसरलेलो नाही, आणि २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेड-परभणीने ४.५ तीव्रतेचा धक्का अनुभवला आहे. ‘शांत’ हा शब्द येथे तुलनेने घ्यायचा.

पण भारतातच का? १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर अमेरिकेतील लिव्हिंग्स्टनला आधी आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली. दोनच केंद्रांवरून दिशा काढायची तर आकाशाचा सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टा हाती येतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतील व्हर्गो जोडीला होते, तेव्हा तो २८ चौरस अंशांवर आला. दुर्बिणींनी तिकडे पाहिले आणि १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा सापडली. खोडदनेही त्या जागेकडे तोंड वळवले होते. केंद्रे जितकी दूरदूर तितकी दिशा नेमकी. खोडदला २५ किलोमीटरांवर जे मायक्रोसेकंदांत होते, तेच येथे खंडांच्या अंतरावर मिलिसेकंदांत करायचे आहे आणि त्यासाठी सर्व केंद्रांची घड्याळे उपग्रहांकडून आलेल्या एकाच वेळेशी जुळवलेली असतात. औंढ्याचे यंत्र एकटे असून उपयोगाचे नाही. ते इतरांशी ठेक्यात हवे.

तारखा पाहा. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता १७ फेब्रुवारी २०१६. पूर्ण मंजुरी, २६०० कोटी रुपयांची, ६ एप्रिल २०२३. पायाभरणी, तीही दिल्लीहून दूरस्थ पद्धतीने, ११ मे २०२३. अमेरिका जे यंत्रभाग देणार आहे ते तयार होऊन तिकडे पेट्यांत पडून राहिले. सेकंदाच्या अंशांवर चालणाऱ्या यंत्राची फाईल सात वर्षे चालली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या सात वर्षांपेक्षा पुण्याचे उदाहरण जास्त अस्वस्थ करते. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले. वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला गेली. चोवीस वर्षे एका माणसाने चालवलेली गोष्ट त्याच्याबरोबर संपली, कारण त्याच्याखाली शिकून तयार झालेली फळी उभी केली गेली नव्हती. खोडद टिकले याचे श्रेय स्वरूपांच्या प्रतिभेला आहेच. त्याहून जास्त, मोटारी, ब्रेक आणि कोनमापक हाताळत वर्षे काढलेल्या तंत्रज्ञांना आहे. त्यांची नावे शोधनिबंधांच्या मथळ्याखाली येत नाहीत. लॉक राखणारे हात औंढा, वसमत, जिंतूर, पूर्णा येथील आयटीआय आणि तंत्रनिकेतनांतून येणार का, हे निर्वात नळी जोडली जाण्याच्या आधी ठरवायला हवे. फलाट, लंबक, सर्वो या गोष्टी आयत्या वेळी शिकून येत नाहीत.

एक छोटी मोजणी सांगतो, बांधकामाच्या विद्यार्थ्यांसाठी. चार किलोमीटर सरळ जाणाऱ्या लेसरखाली पृथ्वी वाकत जाते आणि दुसऱ्या टोकाला जमीन सरळ रेषेपासून सुमारे सव्वा मीटर खाली गेलेली असते. पाणसळीने सपाट केलेला पाया येथे वाकडा ठरेल. आरसे यायच्या कितीतरी आधी ही दुरुस्ती काँक्रीटमध्ये करावी लागते.

जाता जाता एक विनंती. १८९८ च्या ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून जेऊर, मग तेव्हाच्या निजामी मराठवाड्यावरून विदर्भाकडे गेली. मोहिमांचे अहवाल इंग्रजीत आहेत. तळावर पेट्या वाहणारे, सांगाडे ठोकणारे, स्वयंपाक करणारे लोक जवळपासच्या गावांतले असणार. करमाळा, जेऊर, बीड, परभणी भागात कोणाच्या घरी त्या दिवसाची आठवण, एखादे पत्र, बखरवजा टिपण किंवा चोपडी असेल तर खाली जरूर लिहा.